क्रॉसओव्हरचे पहिले चार अंक: नव्या वाचकाने कोठून आणि कशी सुरुवात करावी

तीन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुटीत विश्रामबागेत राहणाऱ्या माझ्या भाच्याने मला विचारले, “मावशी, सगळे सुपरहिरो एकाच गोष्टीत येतात, ते पुस्तक नेमके कोणते?” माझे कॉमिकवाचन लहानपणीच्या इंद्रजालच्या मराठी अंकांतील वेताळ आणि जादूगार मँड्रेक यांच्यापाशी थांबलेले होते. तरीही चौकशी करून मी ‘क्रायसिस ऑन इन्फिनिट अर्थ्स’ हे नाव मिळवले आणि सांगलीतूनच ऑनलाइन मागणी नोंदवली. आठवड्याने घरी आलेले पुस्तक मात्र ‘इन्फिनिट क्रायसिस’ होते, कारण शोधाच्या यादीत जे नाव वर दिसले तेच मी घाईने निवडले होते. त्याच्या पहिल्या अंकात चंद्रावरच्या उद्ध्वस्त तळावर सुपरमॅन, बॅटमन आणि वंडर वुमन एकमेकांना दोष देत उभे असतात, आणि तो दोष कशाबद्दल आहे हे कळण्यासाठी आधीची बरीच पुस्तके वाचलेली असावी लागतात. आम्ही दोघांनी तीन संध्याकाळ प्रयत्न केला आणि पुस्तक मिटून ठेवले. भाच्याला वाटले की आपल्याला कॉमिक समजत नाही, आणि त्याची ही समजूत मला फार लागली, कारण चूक त्याच्या आकलनाची नव्हती, माझ्या निवडीची होती.

पुढे योग्य पुस्तक मिळाले, आम्ही ते सावकाश वाचले आणि नंतर आणखी तीन क्रॉसओव्हर, म्हणजे निरनिराळ्या मालिकांच्या नायकांना एकत्र आणणाऱ्या गोष्टी, पुरे केले. या वाचनात जे अडथळे आले ते दुसऱ्या कोणाला येऊ नयेत म्हणून हा लेख लिहीत आहे. संपूर्ण क्रॉसओव्हरचा विचार येथे केलेला नाही; पहिल्या चार अंकांपुरताच केला आहे, कारण नवा वाचक बहुधा तेथेच अडखळतो आणि तेथून पुढे गेलेला वाचक सहसा परत फिरत नाही.

क्रॉसओव्हर म्हणजे काय, हे सांगलीकराला समजावून सांगायला मला नाटकाचाच दाखला जवळचा वाटतो. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी ‘संयुक्त मानापमान’चा प्रयोग झाला. गंधर्व नाटक मंडळी आणि ललितकलादर्श या दोन स्पर्धक कंपन्या त्या रात्री एका रंगमंचावर आल्या. बालगंधर्व भामिनी झाले आणि केशवराव भोसले धैर्यधर. प्रेक्षक आपापल्या आवडत्या नटाची सारी कारकीर्द मनात घेऊन आले होते, परंतु ज्याने त्या दोघांना पूर्वी कधीच पाहिले नव्हते त्यालाही भामिनी आणि धैर्यधर यांची गोष्ट समजत होती. चांगल्या क्रॉसओव्हरचा पहिला अंक नेमके हेच साधतो. स्वतंत्र मालिकांचे नायक एका संकटासाठी एकत्र येतात. जुन्या वाचकाला त्यांच्या भेटीचा आनंद मिळतो आणि नव्या वाचकाला संकटाची गोष्ट मिळते. नवा वाचक म्हणून तुम्ही संकटाचा धागा धरायचा आहे, भेटींचा नव्हे.

जवळ काय असावे

- मुख्य मालिकेची संग्रहित आवृत्ती, म्हणजे सर्व अंक एकत्र बांधलेले एकच पुस्तक.
- एक साधी दोनशे पानी वही आणि पेन्सिल.
- डिजिटल प्रत वाचणार असाल तर किमान दहा इंची टॅब्लेट. अमेरिकी कॉमिकचे पान साधारण १७ सेंटिमीटर रुंद आणि २६ सेंटिमीटर उंच असते; मोबाइलच्या पडद्यावर ते आक्रसले की संवादाच्या फुग्यांतील अक्षरे वाचता येत नाहीत.
- छापील प्रतीसाठी हातात धरायचे भिंग. हे मी अलंकार म्हणून सांगत नाही; चित्रकार जॉर्ज पेरेझ यांनी काढलेल्या गर्दीच्या पानांवर ते खरोखर लागते.
- इंग्रजी-मराठी शब्दकोश, परंतु तो कधी उघडायचा आणि कधी नाही, हे पाचव्या पायरीत सांगितले आहे.

१. पहिला क्रॉसओव्हर विचारपूर्वक निवडा

नव्या वाचकासाठी मी चार नावे विचारात घेईन. ती सर्वोत्तम आहेत असा दावा नाही. मात्र त्यांची सुरुवात अशी आहे की बाहेरून आलेल्या माणसाला दार सापडते.

मार्व्हल या प्रकाशकाची ‘सीक्रेट वॉर्स’ ही बारा अंकांची मालिका मे १९८४ ते एप्रिल १९८५ या काळातील आहे. लेखन जिम शूटर यांचे आणि बहुतेक चित्रे माइक झेक यांची. ती मॅटेल कंपनीच्या खेळण्यांना जोड म्हणून जन्मली, आणि तिची सुरुवात त्यामुळेच अगदी सरळ आहे. बियॉन्डर नावाची अज्ञात शक्ती नायकांना आणि खलनायकांना उचलून दूरच्या अंतराळात नेते, डोळ्यांदेखत निरनिराळ्या ग्रहांचे तुकडे जोडून एक युद्धभूमी उभी करते आणि सांगते की शत्रूंना संपवा म्हणजे हवे ते मिळेल. आपण कोठे आहोत हे तेथे कोणालाच ठाऊक नसते, त्यामुळे वाचक आणि नायक एकाच पातळीवर असतात. मॅग्निटो हा खलनायक नायकांच्या गटात का ठेवला गेला, या प्रश्नावरून पहिल्याच अंकात वाद सुरू होतो आणि त्या वादातून कोण कोणाकडे कसे पाहतो हे आपोआप कळत जाते. दहा-बारा वर्षांच्या मुलासाठी मी हीच मालिका सुचवेन.

‘इन्फिनिटी गाँटलेट’ ही १९९१ मधील सहा अंकांची मालिका जिम स्टार्लिन यांनी लिहिली आणि जॉर्ज पेरेझ व रॉन लिम यांनी चितारली. थॅनोस या खलनायकाने अफाट सामर्थ्याची सहा रत्ने कशी मिळवली याची कथा आधीच्या अंकांत येऊन गेलेली आहे. तरी पहिल्या अंकाच्या आरंभी मेफिस्टो हा पाताळाचा स्वामी त्याची खुशामत करता करता तो वृत्तान्त सांगून टाकतो, म्हणून मागचे न वाचताही चालते.

मार्क मिलर आणि स्टीव्ह मॅकनिव्हन यांची ‘सिव्हिल वॉर’ ही २००६ मध्ये सुरू झालेली सात अंकांची मालिका. एका वाहिनीच्या कार्यक्रमासाठी खलनायकांवर छापा घालणाऱ्या तरुण नायकांच्या हातून स्टॅमफर्ड शहरात अनर्थ होतो, शेकडो माणसे आणि शाळकरी मुले मरतात, आणि सरकार सर्व मुखवटाधाऱ्यांच्या नोंदणीचा कायदा आणते. यात वैश्विक काही नाही, म्हणून ती प्रौढ वाचकाला लवकर पकडते. लहान मुलांच्या हाती मात्र ती देऊ नये.

चौथे नाव ‘क्रायसिस ऑन इन्फिनिट अर्थ्स’ (पुढे थोडक्यात ‘क्रायसिस’) हे. एप्रिल १९८५ ते मार्च १९८६ या तारखांचे बारा अंक, लेखक मार्व्ह वुल्फमन, चित्रकार जॉर्ज पेरेझ. चारांपैकी ही सर्वांत अवघड सुरुवात आहे, आणि तरीही पुढील पायऱ्यांसाठी मी तिचेच उदाहरण घेणार आहे. तिचे पहिले चार अंक ज्याला वाचता आले त्याला कोणत्याही क्रॉसओव्हरचे पहिले चार अंक वाचता येतात, असा माझा अनुभव आहे.

२. नाव, वर्ष आणि लेखक या तिन्ही गोष्टी जुळल्याशिवाय मागणी नोंदवू नका

नव्या वाचकाची सर्वांत मोठी फसगत येथे होते, आणि ती कोणी मुद्दाम केलेली नसते. प्रकाशक गाजलेले शीर्षक पुन्हा पुन्हा वापरतात. ‘क्रायसिस’ हा शब्द १९८५ च्या मालिकेनंतर ‘आयडेंटिटी क्रायसिस’ (२००४), ‘इन्फिनिट क्रायसिस’ (२००५) आणि ‘फायनल क्रायसिस’ (२००८) यांतही आहे. ‘सीक्रेट वॉर्स’ नावाची मूळ मालिका १९८४ ची. तिचा दुसरा भाग १९८५ मध्ये आला आणि त्याच नावाची एक पूर्णपणे वेगळी मालिका जोनाथन हिकमन यांनी २०१५ मध्ये लिहिली. ‘सिव्हिल वॉर’ची दुसरी मालिका २०१६ ची आहे. म्हणून मागणी नोंदवण्याआधी वहीत तीन गोष्टी लिहा: पूर्ण शीर्षक, पहिल्या अंकाचे वर्ष आणि लेखकाचे नाव. पुस्तकाच्या माहितीत या तिन्ही जुळल्या तरच पुढे जा. हल्ली मुखपृष्ठावर मालिकेचे नाव मोठे आणि ‘सोबतचे अंक’ असा उल्लेख बारीक अक्षरात असलेले खंडही विकले जातात. त्यांत मुख्य गोष्ट नसतेच. खंडात कोणते अंक आहेत याची ओळ वाचा. मालिका बारा अंकांची असेल तर एक ते बारा असे स्पष्ट लिहिलेले असले पाहिजे.

अंकावरच्या महिन्याबाबतही गोंधळ होतो. अमेरिकी कॉमिकच्या मुखपृष्ठावर छापलेला महिना हा अंक विक्रीस आल्याच्या काही महिने पुढचा असतो, कारण विक्रेत्याने अंक केव्हा काढून टाकावा हे त्यातून कळावे अशी जुनी प्रथा आहे. एप्रिल १९८५ असे छापलेला ‘क्रायसिस’चा पहिला अंक प्रत्यक्षात त्या वर्षाच्या आरंभीच वाचकांच्या हाती पडला होता. दोन ठिकाणी दोन वेगळे महिने दिसले तर त्यातला एक चुकीचा आहे असे समजू नका.

सांगलीत असे पुस्तक दुकानाच्या मांडणीवर सहज दिसेल अशी अपेक्षा ठेवू नये. ओळखीच्या पुस्तकविक्रेत्याला वर सांगितलेल्या तीन गोष्टी चिठ्ठीवर लिहून दिल्या तर तो मागवून देऊ शकतो. ऑनलाइन मागवताना पार्सल उघडल्याबरोबर पाने मोजून पाहा, बांधणी तपासा आणि परत करण्याची मुदत लिहून ठेवा. अधिकृत डिजिटल आवृत्ती घेणार असाल तर ती सेवा भारतात चालते का आणि आपले कार्ड स्वीकारते का, हे वर्गणी भरण्यापूर्वी पाहून घ्यावे.

३. पुस्तक ठेवण्याची जागा आधी ठरवा

कृष्णाकाठच्या वाचकाला हे वेगळे सांगायला नको, तरी सांगते. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात गावभागातील नातेवाइकांकडे ठेवलेली माझी इंद्रजालच्या जुन्या अंकांची पेटी खालच्या फळीवर होती आणि तिच्यातील एकही अंक बचावला नाही. कागद भिजला की पाने एकमेकांना चिकटतात आणि सोडवताना शाई दुसऱ्या पानावर उतरते. पुस्तके छातीच्या उंचीच्या वर ठेवा. बाहेरच्या भिंतीला टेकवू नका. पावसाळ्यात ओलावा शोषणाऱ्या पुड्या कपाटात ठेवा. जुने सुटे अंक हाती आलेच तर ते पातळ प्लास्टिकच्या पिशवीत, मागे पुठ्ठा लावून, उभे ठेवावेत.

४. वहीच्या पहिल्या पानावर पृथ्वींची यादी करा

‘क्रायसिस’साठी एवढीच पूर्वतयारी पुरते आणि ती एका संध्याकाळी होते. मागची पंचवीस वर्षे वाचून काढण्याचा सल्ला कोणी दिला तर तो नम्रपणे बाजूला ठेवा.

अनेक पृथ्वी कशा निर्माण झाल्या हे समजले की निम्मा गोंधळ संपतो. फ्लॅश नावाचा पहिला नायक, जे गॅरिक, १९४० मध्ये आला. १९५६ मध्ये त्याच नावाचा नवा नायक, बॅरी ॲलन, निर्माण झाला, आणि त्याच्या गोष्टीत जे गॅरिक हे एका कॉमिकमधले काल्पनिक पात्र होते. मग सप्टेंबर १९६१ च्या ‘फ्लॅश’ क्रमांक १२३ मध्ये गार्डनर फॉक्स यांनी दोघांची भेट घडवली आणि स्पष्टीकरण दिले की जुने नायक दुसऱ्या, समांतर पृथ्वीवर राहतात. एका गोष्टीसाठी केलेली ही सोय वाचकांना इतकी आवडली की १९६३ पासून दोन पृथ्वींच्या नायकांची भेट दरवर्षी होऊ लागली. पुढे डीसीने, म्हणजे ‘क्रायसिस’च्या प्रकाशकाने, दुसऱ्या प्रकाशकांची पात्रे मिळवली तेव्हा त्यांनाही एकेक पृथ्वी नेमून दिली. १९८५ पर्यंत हा पसारा इतका वाढला की तो आवरण्यासाठीच ही मालिका लिहिली गेली.

तुमच्या वहीत एवढे लिहा:

- पृथ्वी-१: बॅरी ॲलन आणि त्या काळचे चालू मालिकांतील नायक.
- पृथ्वी-२: १९४० च्या दशकातील मूळ नायक. येथील सुपरमॅनचे कानशिलाजवळचे केस पिकलेले आहेत. त्यावरून तो ओळखावा.
- पृथ्वी-३: येथे सारे उलटे आहे. सुपरमॅनसारखे दिसणारे ते गुन्हेगार आणि एरवी सुपरमॅनचा शत्रू असलेला लेक्स ल्युथर हा एकटा नायक.
- पृथ्वी-४: चार्लटन या प्रकाशकाकडून आलेली पात्रे, उदाहरणार्थ ब्लू बीटल.
- पृथ्वी-एस: फॉसेट या प्रकाशकाचा कॅप्टन मार्व्हल आणि त्याचे कुटुंब.
- पृथ्वी-एक्स: क्वालिटी या प्रकाशकाची पात्रे, येथे दुसरे महायुद्ध नाझींनी जिंकलेले आहे.

प्रत्येक पृथ्वीखाली चार ओळी रिकाम्या सोडा. वाचताना एखादे पात्र कोणत्या पृथ्वीचे आहे हे कळले की तेथे त्याचे नाव लिहायचे. कळले नाही तर लिहायचे नाही आणि थांबायचेही नाही.

५. पान कसे वाचायचे हे आधी शिका

मराठी माध्यमातून शिकलेल्या वाचकाला या पुस्तकांचे इंग्रजी पहिल्या भेटीत जड जाते, आणि त्याचे एक कारण भाषेपेक्षा लिपीचे आहे: कॉमिकमधील बहुतेक मजकूर सगळाच्या सगळा मोठ्या अक्षरांत असतो, त्यामुळे नाव कोणते आणि सामान्य शब्द कोणता हे डोळ्याला पटकन कळत नाही. ठळक छापलेला शब्द जोर देऊन वाचायचा असतो, म्हणून पहिली दहा पाने मोठ्याने वाचावीत; कानाला वाक्य कळते ते डोळ्याला एरवी कळत नाही. गोल फुग्यातले बोलणे, ढगासारख्या फुग्यातले मनातले विचार, आणि चौकोनी पट्टीतला मजकूर निवेदकाचा, हा भेद पक्का करा. १९८० च्या दशकातील लेखक निवेदन पुष्कळ करतात. चित्रात जे दिसते तेच पट्टीत पुन्हा सांगितलेले असते, म्हणून एखादी पट्टी समजली नाही तर आधी चित्र पाहावे आणि शब्दकोश शेवटी उघडावा. भाचा प्रत्येक अनोळखी शब्दाला थांबत होता तेव्हा एका अंकाला आम्हाला चार दिवस लागले. ‘एका पानाला एकच शब्द’ असा नियम केल्यावर तोच अंक दोन संध्याकाळी पुरा झाला.

पेरेझ यांचे पान वेगळ्या सवयीने वाचावे लागते. ते एका पानावर दहा-बारा चौकटी बसवतात आणि त्यांतील काही उभ्या, अरुंद पट्ट्या असतात. आधी संपूर्ण पान एकदा नुसते पाहा, संकट कोणत्या बाजूने येत आहे ते शोधा, आणि मग डावीकडून उजवीकडे, वरून खाली चौकटी वाचा. पार्श्वभूमीतील लहान आकृतींत ओळखीचे चेहरे शोधण्याचा मोह पहिल्या वाचनात टाळावा. दुसऱ्या वाचनात भिंग घेऊन बसा. त्या आकृतींत किती काळजीपूर्वक काम केले आहे हे पाहून मला आजही या चित्रकाराविषयी आदर वाटतो.

६. पहिला अंक: सूत्रधार शोधा

या लेखातील सर्वांत उपयोगी सूचना मी ही मानते. आपल्या नाटकात पडदा उघडल्यावर सूत्रधार येतो आणि आता काय पाहायचे आहे ते सांगतो. क्रॉसओव्हरच्या पहिल्या अंकातही असे एक पात्र हमखास असते, जे संकट पाहून आलेले असते आणि ते इतरांना सांगत फिरते. ‘इन्फिनिटी गाँटलेट’मध्ये सिल्व्हर सर्फर थेट डॉक्टर स्ट्रेंजच्या घरात कोसळतो आणि थॅनोसविषयी सावध करतो. ‘क्रायसिस’मध्ये हे काम परायाह करतो. हिरव्या झग्यातला, डोळ्यांत पाणी असलेला हा माणूस एका शापाने बांधलेला आहे: जेथे विश्व मरणार तेथे तो ओढला जातो, काहीही करू शकत नाही, फक्त पाहतो. पहिल्या काही पानांत एक पांढरी भिंत पुढे सरकताना आणि तिच्या वाटेतील एक आख्खी पृथ्वी पुसली जाताना दिसते. ही पृथ्वी कोणती, तेथील माणसे कोण, असे प्रश्न मनात येतील. त्यांची उत्तरे शोधू नका. परायाह रडतो आहे आणि भिंत पुढे येते आहे, एवढे कळले की त्या पानांचे काम झाले.

यानंतर गोष्ट पृथ्वी-३ वर जाते. एरवी क्रूर असलेले तेथील गुन्हेगार आपली पृथ्वी वाचवण्यासाठी लढत मरतात, आणि ल्युथर व लोइस हे पतिपत्नी आपल्या तान्ह्या मुलाला एका यानात घालून दुसऱ्या विश्वाकडे पाठवतात. सुपरमॅनची जन्मकथा ज्याला ठाऊक आहे त्याच्या लक्षात येईल की लेखकाने तीच कथा त्याच्या शत्रूच्या घरी घडवली आहे. वहीत या मुलाचे नाव, अलेक्झांडर ल्युथर, ठळक लिहा; पुढे त्याचे महत्त्व वाढत जाते.

तिसरा भाग नवख्याला सर्वाधिक दमवतो. मॉनिटर नावाचा गूढ पुरुष आपली सहायिका हार्बिंजर हिला निरनिराळ्या काळांत आणि पृथ्वींवर पाठवतो. ती स्वतःची अनेक रूपे करते आणि प्रत्येक रूप एकेका पात्राला घेऊन येते. बोलणारा गोरिला राजा सोलोव्हार, तिसाव्या शतकातील पंखधारी डॉनस्टार, प्राचीन अटलांटिसचा जादूगार ॲरियन, शिवाय काही खलनायकही, अशी पंधरा पात्रे थोड्या पानांत समोर येतात. येथेच बहुतेक वाचक पुस्तक ठेवून इंटरनेटवर एकेकाची माहिती शोधू लागतात आणि परत येत नाहीत. तुम्ही तसे करू नका. या पात्रांना एकमेकांचीही ओळख नाही. लेखकाने ती वेगवेगळ्या विश्वांतून मुद्दामच अशी वेचली आहेत. तुम्ही फक्त हार्बिंजरच्या रूपांवर लक्ष ठेवा, कारण त्यांतील एका रूपाच्या बाबतीत असे काही घडते की ज्यावर चौथा अंक उभा आहे. ते कोणते, हे मी सांगणार नाही. अंक संपल्यावर ती पाने पुन्हा चाळून पाहा.

मॉनिटर हा या मालिकेच्या आधी, १९८२ पासून, डीसीच्या इतर अंकांत अंधारातली आकृती म्हणून दिसत होता. ते अंक शोधण्याची गरज नाही. त्यांत त्याचे दर्शन होते, परिचय होत नाही.

७. दुसरा आणि तिसरा अंक: पात्रे सोडा, ठिकाणे लिहा

या दोन अंकांत वहीची पद्धत बदला. मॉनिटरने वेगवेगळ्या काळांत उंच सोनेरी यंत्रे उभी केली आहेत आणि जमवलेल्या पात्रांना त्यांच्या रक्षणासाठी धाडले आहे. गोष्ट आदिमानवाच्या काळातून भविष्यात, तेथून दुसऱ्या महायुद्धाच्या रणभूमीवर आणि अमेरिकेच्या पश्चिमेकडील घोडेस्वारांच्या काळात उड्या मारते. म्हणून प्रत्येक वेळी स्थळ बदलले की वहीत एक ओळ लिहावी: काळ कोणता, यंत्र दिसते का, त्याचे रक्षण कोण करत आहे. तिसरा अंक संपताना पाच-सहा ओळी झाल्या असतील आणि सगळी ठिकाणे एकाच कामाला जोडलेली आहेत हे पानावर दिसेल.

दुसऱ्या अंकातील एका प्रसंगावर मात्र थांबा. बॅटमन जोकरचा सामना करत असताना फ्लॅश अचानक प्रकट होतो, मदतीसाठी हाक देतो आणि त्याच्यासमोरच झिजून नाहीसा होतो. बॅटमनला काही कळत नाही, जोकरलाही कळत नाही, आणि तुम्हालाही कळणार नाही. या प्रसंगाचे उत्तर आठव्या अंकात आहे. वहीच्या शेवटच्या पानावर ‘उत्तर यायचे आहे’ असा मथळा देऊन तो तेथे नोंदवावा. असे पान केल्याने आम्हाला फार मोठा फायदा झाला: न कळलेली गोष्ट लिहून ठेवली की मन मोकळे होते आणि वाचन पुढे सरकते.

चित्रपट पाहून आलेल्या वाचकाला एक वेगळी सावधगिरी सांगावी लागते. पडद्यावर २०१८ मध्ये अर्धे विश्व पुसून टाकणारी थॅनोसची चुटकी गोष्टीच्या शेवटी वाजली. १९९१ च्या पुस्तकात ती पहिल्याच अंकाच्या अखेरीस वाजते, आणि तिचे कारण लोकसंख्या नसून स्त्रीरूपातील मृत्यूवर असलेले त्याचे प्रेम आहे. चित्रपटाच्या आधाराने पुढचे अंदाज बांधत वाचले तर प्रत्येक पान चुकल्यासारखे वाटते.

८. जोड-अंक आत्ता नको

तिसऱ्या अंकाच्या सुमारास तुम्हाला कळेल की याच काळात इतर मालिकांतही या संकटाचे अंक निघाले होते आणि ते कोठे बसवून वाचावेत याच्या लांबलचक याद्या उपलब्ध आहेत. त्या याद्या जुन्या वाचकांनी प्रेमाने केल्या आहेत, पण त्या दुसऱ्या वाचनासाठी आहेत. क्रम किती गुंतू शकतो याचे उदाहरण ‘सीक्रेट वॉर्स’मध्ये आहे. स्पायडरमॅनचा काळा पोशाख ‘अमेझिंग स्पायडरमॅन’ क्रमांक २५२ मध्ये मे १९८४ च्या तारखेने आला, म्हणजे ज्या महिन्यात ‘सीक्रेट वॉर्स’चा पहिला अंक निघाला त्याच महिन्यात तो तेथून परतलाही होता, आणि तो पोशाख त्याला मिळाला कसा, हे डिसेंबर १९८४ च्या आठव्या अंकात सांगितले गेले. त्या वेळच्या वाचकांना सात महिने वाट पाहायला लावणे हा प्रकाशकाचा हेतू होता. तुम्ही प्रकाशनाच्या तारखेनुसार वाचायला बसलात तर शेवट आधी आणि कारण मागून मिळेल. मुख्य मालिका सलग वाचा. एखादे पात्र मनात घर करून राहिले, तर मालिका संपल्यावर त्या एकाच पात्राचे जोड-अंक मिळवा. माझ्या भाच्याने फायरस्टॉर्म या नायकाचे निवडले होते.

९. चौथा अंक एका बैठकीत वाचा

पहिले तीन अंक तुकड्यांनी वाचले तरी चालतात. चौथा तसा वाचू नये. रविवारची दुपार मोकळी ठेवा, वही मिटा आणि लिहिण्यासाठी मध्ये थांबू नका. या अंकात हार्बिंजरचा पहिल्या अंकातला धागा पूर्ण होतो आणि शेवटच्या पानावर परायाह पुन्हा एकटा उभा असतो. मूळ वाचकांना येथे महिनाभर थांबावे लागले होते. तुमच्या हातातल्या खंडात पुढचे पान लगेच आहे, तरी ते उलटू नका. निदान एक रात्र जाऊ द्या. पुस्तक दोघे मिळून वाचत असाल तर पुढे काय होईल याविषयी प्रत्येकाने आपला अंदाज वहीत लिहावा आणि दुसऱ्याला दाखवू नये.

पाचव्या अंकात गर्दी एकदम वाढते आणि पेरेझ यांच्या चौकटी आणखी लहान होतात. तेव्हा तो उघडण्यापूर्वी पृथ्वींची यादी एकदा वाचून घ्या, भिंग जवळ ठेवा, आणि प्रत्येक पृथ्वीखाली आणखी दहा ओळींची जागा करा.